तावडेकाकांची डबल बेल

आमच्या लालबागच्या चाळीतले तावडेकाका बेल दिल्याशिवाय हलत नाहीत. बसची कंडक्टरकी सोडून बारा वर्षं झाली, पण बेलची दोरी काही त्यांच्या हातून सुटलेली नाही. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. जिना उतरायच्या आधी कठड्यावर अंगठीने टक-टक, खाली पोचले की टक. माझ्या वरातीत त्यांनी सवयीने गाडीच्या टपावर दोन ठोके दिले आणि ड्रायव्हर मला एकट्यालाच घेऊन निघाला. नवरी राहिली फुटपाथवर. त्यांच्या चहात साखर घालायला माझी बायको अजून विसरते.

स्वतःच्या खोलीचं कुलूप काढण्याआधीही ते दारावर एक ठोका द्यायचे. काकी जाऊन सहा वर्षं झालेली, आत कोणीच नाही, तरी ठोका चुकायचा नाही. आम्ही हसायचो. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "एकच सीट आहे रे माझी, कुठेही ॲडजस्ट होईल."

पंधरा दिवसांपूर्वी बसस्टॉपवर त्यांना एक तांबडा कुत्रा भेटला. चहात बुडवलेलं बटर आवडीने खातो म्हणून त्याचं नाव बटर. काका त्याला घरी घेऊन आले आणि चाळीचे सेक्रेटरी नाईक यांनी फर्मान काढलं, रविवारपर्यंत लस टोचल्याचं कार्ड दाखवा, नाहीतर कुत्रा चाळीबाहेर. पंचाईत ही, की काकांशिवाय दुसऱ्या कोणी अंगाला हात लावला तर बटर दात दाखवायचा.

शनिवारी काकांनी मला सोबत घेतलं. "तू नुसता चल. बेल माझ्याकडे आहे."

फाटकावर टक-टक, बटर निघाला. सिग्नलच्या खांबावर टक, बटर थांबला. पंधरा दिवस गॅलरीत याचाच सराव चालला होता, हे मला तेव्हा कळलं. परळपर्यंत पट्टा एकदाही ताणला गेला नाही. माझा मुलगा शाळेत जाताना इतकं ऐकत नाही.

दवाखान्यात ही गर्दी. आणि गर्दी दिसली की काकांना राहवत नाही. "पुढे चला, पुढे रिकामं आहे. मांजरवाल्या मॅडम, जरा खिडकीकडे सरका. आधी आतल्यांना बाहेर येऊ द्या." दोन मिनिटांत सगळे ओळीत.

टेबलावर चढवल्यावर मात्र बटर लटलट कापायला लागला. डॉक्टरबाई पुढे झाल्या तसा गुरगुरला, आणि तोंडाला बांधायची जाळी बघून तर त्याने खाली उडीच घेतली.

"आज राहू दे काका, फार घाबरलाय. पुढच्या शनिवारी आणा," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. पुढच्या शनिवारपर्यंत बटर राहणार कुठे?

मग त्यांनी बटरला उचलून परत वर ठेवलं आणि स्टीलच्या टेबलावर एकच ठोका दिला. टक.

बटर थांबला. कान ताठ, नजर अंगठीवर, शेपूटसुद्धा हलेना.

"टोचा आता," काका म्हणाले आणि स्वतः डोळे गच्च मिटून त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. सुईला घाबरणारा तो कुत्रा नव्हताच.

"झालं," बाई म्हणाल्या. टक-टक. बटर खाली, काका त्याच्यामागे, आणि दारातून डोकावणाऱ्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चाळीत शिरताच काकांनी कार्ड नाईकांच्या नाकासमोर धरलं. "पासहोल्डर आहे. नीट बघून घ्या, पुन्हा दाखवणार नाही." नाईकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि मुकाट्याने परत दिलं.

आपण नसताना कोणी हाकलून देईल म्हणून तोवर काका बटरला खोलीत एकटं ठेवत नसत. रविवारी सकाळी पहिल्यांदाच ते त्याला आत ठेवून, कुलूप लावून दूध आणायला गेले. परत आले तेव्हा मी गॅलरीत दात घासत उभा होतो. त्यांनी सवयीप्रमाणे दारावर एक ठोका दिला.

आतून बटर भुंकला.

काका तसेच उभे राहिले. किल्ली हातात, पण कुलूप काढेनात.

"काय झालं काका? कुलूप अडकलं?"

"नाही रे," ते म्हणाले. "आतून जबाब आला."

आणि त्यांनी पुन्हा एक ठोका दिला.