पहिल्या पानावरचे कुलूपवाले

एखादी गोष्ट जगात आहे की नाही, हे पूर्वी तिथवर चालत जाऊन, तिला हात लावून ठरवत असत. ही पद्धत वेळखाऊ होती, शिवाय तिच्यात चपला झिजत. आता ती अडचण उरलेली नाही. जे शोधयंत्रात सापडतं ते आहे. जे सापडत नाही ते नाही. आणि जे दुसऱ्या पानावर सापडतं, त्याची अवस्था आगंतुक पाहुण्यासारखी असते (चहा मिळतो, बसा कुणी म्हणत नाही).

या नियमानुसार, बाजारामागच्या गल्लीत तीस वर्षं कुलपं दुरुस्त करत बसलेले कुलूपवाले अस्तित्वातच नव्हते. त्यांना मात्र याची काही कल्पना नव्हती. ते रोज सकाळी शटर वर करत, शेगड्यात, म्हणजे जड लोखंडी पकडीत, कोरी किल्ली आवळत, कानशीने तिला दात पाडत आणि गिऱ्हाइकाची वाट बघत. गिऱ्हाईक येईनासं झालं होतं. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे मात्र एवढी गर्दी, की ती कुलूपवाल्यांच्या पायरीवर सांडे. "जरा सरकता का काका?" असं लोक म्हणत. काका सरकत.

"दुकान द्यायचं मनात आलं तर आधी मला सांगा हं," असं कव्हरवाला अधूनमधून गोड आवाजात म्हणे. कुलूपवाल्यांच्या मनात ते कधी आलं नव्हतं. त्यांच्या बायकोच्या मनात ते कायमचं मुक्कामाला होतं. वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक परतलं नाही तर दुकान कव्हरवाल्याला देऊन मोकळं व्हायचं, हे तिने ठरवूनही टाकलं होतं. ठरवताना नवऱ्याला विचारायचं तेवढं राहून गेलं.

अशा वेळी धावून येतो तो जावई. इथले जावई तर याच धंद्यातले होते: लहान वेबसाइटी शोधयंत्रात वर चढवून देणे. जावयाचा सल्ला फुकट असतो, त्यामुळे तो नाकारता येत नाही.

"बाबा, तुमचा प्रॉब्लेम एवढाच आहे, की तुम्ही दिसत नाही," चहाचा कप खाली ठेवत जावई म्हणाले.

"हा काय, तुमच्यासमोर बसलोय."

"असं दिसून काय उपयोग?"

 त्या दिवशी संध्याकाळी कुलूपवाल्यांची वेबसाइट जन्माला आली. तिची प्रकृती अर्थातच तोळामासा होती. पहिल्या महिन्याच्या अहवालानुसार तिला तिघांनी भेट दिली: स्वतः कुलूपवाले, जावई, आणि उद्या ऊन पडेल का हे बघायला गेलेली कुलूपवाल्यांची बायको (चुकून). म्हणजे घरातल्यांचं प्रमाण शंभर टक्के. एवढी कौटुंबिक एकी हल्ली कुठल्या घरात दिसते?

मग शास्त्रशुद्ध उपचार सुरू झाले. पहिला उपचार शब्दांचा. लोक जे शब्द शोधतात ते पानावर पुन्हा पुन्हा आले पाहिजेत, असा दंडक आहे. त्याप्रमाणे वेबसाइटच्या दर्शनी पानावर पुढील मजकूर झळकला: 'आमच्या कुलूप दुरुस्ती दुकानात अनुभवी कुलूप दुरुस्ती करणारे कुलूप दुरुस्तीतज्ज्ञ घराजवळ स्वस्त कुलूप दुरुस्ती करून देतात.' हे वाचून माणसाला घेरी येते, हे खरं. पण ते माणसासाठी नव्हतंच. यंत्र वाचणार होतं, आणि यंत्राची प्रकृती दणकट असते.

दुसरा उपचार शिफारशींचा. चार प्रतिष्ठित वेबसाइटींनी आपल्याकडे बोट दाखवलं, की यंत्राला आपण घरंदाज वाटतो. प्रतिष्ठित वेबसाइटींना बोट मोकळं नव्हतं. केसगळतीवरच्या तेलाची एक वेबसाइट मात्र, तिच्याकडेही कुणी बोट दाखवत नसल्यामुळे, देवाणघेवाणीला तयार झाली. त्यामुळे कुलूपवाल्यांच्या पानावर 'कुलूप काय आणि केस काय, मुळाशी घट्ट हवेत' हा विचार आला, आणि तेलाच्या पानावर 'टक्कल पडले तरी दाराला कुलूप लावावे' हा उपदेश.

तिसरा उपचार ताऱ्यांचा. नातेवाइकांना अभिप्राय द्यायची विनंती झाली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे पाळली, हेच चुकलं. मामेभावाने चार तारे देऊन लिहिलं, 'माणूस सज्जन आहे. कुलपाचं माहीत नाही.' व्याह्यांनी पाच तारे दिले, पण तेलाच्या वेबसाइटला. मेव्हणीने दोन तारे दिले आणि कारण नोंदवलं: 'ताईला कधी कुठे बाहेर नेत नाहीत.' या अभिप्रायाला सतरा जणांनी 'उपयुक्त' म्हटलं. त्यात बायको होती.

या सगळ्याने वेबसाइट नवव्या पानावरून सहाव्या पानावर आली. जावई म्हणाले, हे सोपं होतं. खरी चढण पुढे आहे. यंत्राला रोज ताजं वाचायला लागतं. शिळं पुढे केलं तर ते तोंड फिरवतं. म्हणून रोज एक लेख.

"रोज काय लिहू? कुलूप लावतात आणि उघडतात. संपलं," कुलूपवाले म्हणाले.

"बाबा, तीस वर्षं जे हातांनी केलंत ते नुसतं सांगायचं. लोकांना फुकट ज्ञान द्या, लोक आपोआप दुकानात येतील."

यातलं तर्कशास्त्र इतकं भक्कम आहे, की आज जगातली निम्मी दुकानं त्याच्यावर उभी आहेत (उरलेली निम्मी बंद पडली). कुलूपवाले लिहायला बसले. सकाळी डोकं ताजं असतं, म्हणून लेखनाची वेळ सकाळची ठरली. मधेच कुणी किल्ली घेऊन आलं की वाक्य तुटे, म्हणून शटर अर्धं खाली ओढायची पद्धत पडली. अर्ध्या शटरखालून वाकून लोक विचारत, "चालू आहे का?" मग ते पूर्ण खाली ओढायची पद्धत पडली.

आणि गंमत म्हणजे, लेख चांगले होते. घाबरत-घाबरत का होईना, खरं लिहिणारा माणूस यंत्राला क्वचित भेटतो. 'किल्ली फिरत नसेल तर जोर करू नका. कुलूपही माणसासारखं, जोर केला की अडून बसतं.' 'आत तेल ओतू नका, धूळ चिकटते. पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा, दार स्वतःकडे ओढून धरा, आणि मग किल्ली हलकेच फिरवा.' इतकी वर्षं ते हे काम दारात उभ्या-उभ्या करून देत आणि वर "राहू द्या हो, यात काय केलं मी," म्हणत. आता त्याचे आठ परिच्छेद झाले.

त्यांच्या बोलण्यावरही सुधारणेचा परिणाम दिसू लागला. एकदा घरी आल्या-आल्या ते म्हणाले, "घराजवळ उत्तम गरम चहा मिळेल का?"

"मिळेल," बायको म्हणाली. "पहिल्याच पानावर. चहा, साखर, दूध, सगळं ओट्यावर आहे. घ्या करून."

वर्ष संपायला थोडे दिवस उरले असताना तो क्षण आला. वेबसाइट पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर गेली. जावयांनी फोन करून अभिनंदन केलं. कुलूपवाल्यांनी शेगड्यावरची धूळ पुसली, कानशी ओळीने मांडल्या, बाहेर एक जादा बाकडं ठेवलं, आणि गर्दी व्हायच्या आत आजचा लेख उरकावा म्हणून शटर ओढून आत बसले.

त्याच सकाळी दुकानावरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई ड्युटीवरून परत आल्या. त्यांच्या दाराची किल्ली फिरेना. त्या खाली आल्या. शटर बंद. त्याला टेकून त्यांनी फोन काढला.

दुसऱ्या दिवशी त्या हसतमुखाने दुकानात डोकावल्या. "काका, काल तुमच्यामुळे दार उघडलं हो!"

"माझ्यामुळे? मी तर इथे आत होतो."

"आत होता? अगंबाई! मला वाटलं, बंदच झालं दुकान. म्हणून सर्च केलं, तर पहिल्याच नंबरावर तुमचा लेख. पेन्सिल होतीच पर्समध्ये."

"अहो, पण शटरवर एक थाप मारायची की."

"शटरला टेकूनच तर वाचत होते."

 कुलूपवाल्यांनी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकला. "चला, बघतो एकदा. किल्ली फिरत नाही म्हणजे आतली पत्ती झिजली असणार. मीच बसवलेलं कुलूप आहे ते. पुन्हा अडेल."

"अहो नको, कशाला उगाच तुम्हाला जिना चढायला लावायचं? तुमच्या लेखाचा दुसरा भाग आहे ना, 'पत्ती झिजली असेल तर'. अडलं की वाचीन मी. तुम्ही लिहा, तुम्हाला उशीर होतोय."

जाता-जाता त्यांनी बाहेरच्या बाकड्यावर बसून पाच तारे दिले. अभिप्राय असा: 'अत्यंत उपयुक्त. दुकानात जायची गरजच पडत नाही.'

या एका अभिप्रायाने यंत्र इतकं प्रसन्न झालं, की कुलूपवाल्यांचा पहिला क्रमांक अढळ झाला. अनोळखी शहरांतून लोक आभार मानू लागले. कुणी तिजोरी उघडली, कुणी सुटकेस, एकाने सासऱ्यांचं कपाट (सासऱ्यांचाही अभिप्राय आला; तो कुलूपवाल्यांच्या जावयांनी काढून टाकला). दुकानात मात्र त्या आठवड्यात एकच जण आला, चार्जर आहे का विचारायला.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कुलूपवाल्यांनी शेगडा स्वतः उचलून घरी नेला. सामान न्यायला आलेला हातगाडीवाला म्हणाला होता, द्या इकडे, जड आहे. त्यांनी दिला नाही. शटरची किल्ली कव्हरवाल्याच्या हातावर ठेवताना ते म्हणाले, "थोडी वर उचलून फिरवायची. जोर नाही करायचा."

"माहीत आहे काका," कव्हरवाला म्हणाला. "वाचलंय."

आता तिथे दोन गाळ्यांचं मिळून एक मोठं दुकान झालं आहे. कुलूपवाले घरी खिडकीजवळ बसून लिहितात. वेबसाइट पहिलीच आहे. जावई आपल्या नव्या गिऱ्हाइकांना सासऱ्यांचा दाखला देतात, आणि त्यात खोटं एक अक्षर नाही: ज्यांना कुणी शोधत नव्हतं, त्यांना आज सगळे शोधतात. गल्लीत त्यांना विचारत आलेल्यांना कव्हरवाला नम्रपणे सांगतो, "इथे नाहीत. पण फोनवर बघा, लगेच सापडतील."

नर्सबाईंना हसण्यात अर्थ नाही. त्या दमून आल्या होत्या, आणि फोन शटरपेक्षा जवळ होता. आपण तर चांगले निवांत बसलो आहोत. तेव्हा फोन उलटा ठेवावा आणि नुसतं आठवून सांगावं: आपल्या घराखालच्या गल्लीत कुलूपवाला आहे, की होता?

फोन सरळ करू नका. बघतोय मी.