दोन पडद्यांचे सेतूराव

सेतूराव मॉनिटरकडे कधी सरळ बघत नसत. नवा मॉनिटर टेबलावर आला की ते आपली खुर्ची त्याच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून लावत, मांडीवर दहीभाताचा डबा उघडत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवायला लागत. मॉनिटर उरायचा तो डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात. मधेच एखादा घास हातात थांबायचा.

"लुकलुकतो," ते म्हणायचे.

संपलं. तो मॉनिटर दुसऱ्या दिवशी दुकानात परत.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ कुणावर तरी रुसून बसलेत. विचारलं तर म्हणाले, "समोरून अस्कीं चांगलींच दिसतात, राव. कडेनं पाहावें." अस्कीं म्हणजे सगळी. मी हसलो होतो. पुढे कधीतरी वाचलं, की पडद्याची थरथर डोळ्याच्या कडेला खरोखरच जास्त जाणवते. तोवर हसून झालेलं होतं.

ही नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. आमच्या पुण्याच्या कंपनीने इस्पितळांसाठी एक सॉफ्टवेअर करायचं काम तंजावरच्या एका छोट्या कंपनीला दिलं होतं, आणि ते वेळेवर होतंय ना हे बघायला मला तिकडे धाडलं होतं. छोटी म्हणजे अगदीच छोटी. राजवाड्यामागच्या गल्लीत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या. मालक गणेशन. प्रोग्रामर तीन : सेतूराव, झेवियर आणि कामाक्षी.

सेतूराव पन्नाशीचे. साखर कारखान्याच्या कचेरीतली नोकरी सोडून चाळिशीनंतर कॉम्प्युटर शिकलेले. कपाळावर अंगारा-अक्षता, अंगात पांढरा सदरा, खिशात पेनाच्या जागी गुंडाळलेली मोजपट्टी. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ, कॉम्प्युटरशी इंग्रजी. देवनागरी मात्र वाचता येत नसे. मी मराठी बोलतो हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी मला घरचं सांबार खायला घातलं आणि वर मत दिलं, "तुमची मराठी फार घाईची, राव. बस चुकेल अशी बोलतां."

ऑफिसातले मॉनिटर जुने झाले होते. अक्षरांना सावल्या पडायच्या. गणेशनने ठरवलं, नवे घ्यायचे, आणि निवडायचं काम वयाने मोठे म्हणून सेतूरावांवर सोपवलं. ही त्याची चूक होती असं मी बरेच दिवस मानत होतो.

सेतूराव तिरुच्चीच्या दुकानात गेले ते घरची घडीची खुर्ची आणि काळी छत्री घेऊन. मी बरोबर होतो. थरथर कडेनं, पण अक्षर समोरूनच बघायचं, म्हणून त्यांनी मॉनिटरसमोर ती खुर्ची मांडली, दुकानातल्या दिव्यांचा उजेड नको म्हणून छत्री उघडली आणि छत्रीखाली चार तास बसले. बारीक अक्षर बघितलं, मोठं बघितलं, काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं. दुकानदाराने आधी कॉफी पाजली, मग दुसऱ्यांदा कॉफी पाजली, मग तो आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. निघताना सेतूराव म्हणाले, "बेस आहे. पण कोपऱ्यांत अक्षरें वांकडीं उभीं राहतात. प्रोग्राम काय मधोमधच लिहावा की काय?"

इकडे ऑफिसातही त्यांनी उलथापालथ मांडली. खिडकीची तिरीप पडद्यावर येते म्हणून टेबलं फिरवली. झेवियरचा गाणी ऐकायचा स्पीकर चुंबकामुळे रंग बिघडवतो म्हणून जिन्यात नेऊन ठेवला. मॉनिटरखाली जाडजूड वह्या घालून प्रत्येकाची पातळी ठरवली, आणि त्याआधी प्रत्येकाचं डोळ्यापासून टेबलापर्यंतचं अंतर मोजपट्टीने घेतलं. मालकाचंही घेतलं. रोज संध्याकाळी पाच वाजता ते सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "डोळ्यास विचारलें कां? काय म्हणाला?"

झेवियर म्हणायचा, "माझा डोळा घरी जाऊ म्हणतो."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण सेतूरावांचं पुढचं म्हणणं असं निघालं की एका टेबलावर दोन मॉनिटर पाहिजेत. त्या काळी प्रोग्राममध्ये चूक कुठे आहे ते शोधायचं तर चालता प्रोग्राम पडद्यावरून बाजूला सारून आतला मजकूर उघडावा लागे. पुन्हा प्रोग्राम, पुन्हा मजकूर. दिवसभर पडदा सारखा उलटसुलट होत राही. जुना पिवळ्या अक्षरांचा मॉनिटर शेजारी जोडला, तर एकावर प्रोग्राम चालता ठेवून दुसऱ्यावर त्याचं पोट बघता येईल, असं सेतूरावांनी एका मासिकात वाचलं होतं.

"चुलीवर काय शिजतें तेंही दिसावें आणि खालचा जाळही दिसावा," ते गणेशनला समजावत होते. "आतां प्रत्येक वेळीं भांडें उतरवून जाळ पाहतों."

गणेशन म्हणाला, "एका माणसाला दोन टीव्ही? पाहुणे आले तर काय म्हणतील?"

"देवानं डोळे दोन दिले, तेव्हां त्यास कोणीं विचारलें नाहीं."

तीन महिने गेले. पुण्याहून रोज फोन येत होता, काम कुठवर आलं. काम सावल्या पडलेल्या अक्षरांतच चाललं होतं, आणि सगळ्यात अवघड भाग कामाक्षीकडे होता. एका दुपारी सेतूरावांनी अकरावा मॉनिटर परत पाठवला आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "सेतूराव, तुम्हाला मॉनिटर घ्यायचा नाहीच आहे. तुम्हाला नुसतं बघत बसायचं आहे. तुमच्या या खेळापायी माझी नोकरी जाईल."

त्यांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. आणि कामाला लागले. त्या दिवशी पाच वाजता त्यांनी कुणाला डोळे मिटायला सांगितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात बारावा मॉनिटर आला. पंधरा इंची. सेतूरावांनी भिंतीकडे तोंड करून सबंध डबा संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "हा." गणेशनने सांगितलं, दोन पडद्यांचं टेबल सध्या एकच होईल, बाकीच्यांचं नंतर बघू. झेवियर माझ्या कानाशी लागला, "म्हातारबुवांनी स्वतःची सोय बरोबर केली." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर दोन्ही मॉनिटर कामाक्षीच्या टेबलावर. नवा समोर, पिवळा डावीकडे, किंचित तिरका. सेतूराव टेबलाखाली शिरून वायरी बांधत होते.

कामाक्षी ओरत्तनाडूहून रोज बसने यायची. चोवीस वर्षांची, अबोल, मान थोडी उजवीकडे वळवून काम करायची. आम्हाला ती लकब वाटायची. तिचा उजवा डोळा लहानपणापासून अधू होता, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. दोन तास पडद्यासमोर बसलं की तिचं डोकं ठणकायला लागे. घरी वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, पोंगलपर्यंतच नोकरी, मग बंद.

"सार, तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कोणीं नाहीं. अंतर मोजलें तेव्हां डावा डोळा पुढें आला तुझा."

आठवडाभरात तिची मान बरीच सरळ झाली. डोकेदुखी गेली नाही, पण दुपारऐवजी संध्याकाळी सुरू व्हायला लागली. अडलेलं काम हलू लागलं. तरी वडिलांचं पोंगल कायमच होतं. तेव्हा एका रविवारी सेतूराव म्हणाले, "ओरत्तनाडूस जाऊन येऊं." मी गेलो. माझ्याकडून तेवढी तरी भरपाई बाकी होती.

कामाक्षीचे वडील तालुका कचेरीत कारकून. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, ताक दिलं आणि थेट विचारलं, कॉम्प्युटरने डोळे जातात की नाही. सेतूरावांनी पिशवीतून मॉनिटरबरोबर आलेली पुस्तिका काढली आणि दीड तास तमिळमध्ये बोलले. पडद्यापासून किती लांब बसायचं, कितीदा उठायचं, खिडकीतून लांबच्या झाडाकडे का बघायचं. मला निम्मं समजलं. शेवटी मात्र पुस्तिका मिटून ते जे बोलले ते सगळं समजलं. "डोळे जात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण घरी बसवलंत तर तिचं डोकं जाईल. मला ते जास्त वाईट दिसतं. डोळ्यांवर लक्ष मी ठेवतो."

वडिलांनी ताकाचे रिकामे पेले गोळा केले. मग म्हणाले, "पुढच्या पोंगलला बघू."

परतीच्या बसमध्ये मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती उडवून लावली. दोन्हीकडे भाताची हिरवी शेतं होती. मी विचारलं, "एवढं सगळं कशासाठी, सेतूराव? त्या मुलीशी तुम्ही महिन्याकाठी चार शब्द बोलत नाही."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मजला एक मुलगी आहे, राव. मंजुळा. तिकडे अमेरिकेंत आहे, हेंच काम करते. तिची आई वारली त्याच वर्षीं ती गेली."

इतक्या महिन्यांत त्यांनी हे मला एकदाही सांगितलं नव्हतं.

"महिन्यास एकदां फोन येतो. जेवण जालें कां, जालें. बरें आहे कां, बरें आहे. मग पोदुम, पुरे म्हणते, लाइन कापते. ती दहा-दहा तास त्या पडद्यासमोर बसते. कसल्या पडद्यासमोर बसते, कोठें खिडकी आहे, कांहीं ठाऊक नाहीं."

"मग विचारा की."

"विचारलें. 'फाइन आहे, अप्पा,' म्हणाली." मग म्हणाले, "जास्ती विचारलें तर वाटेल, अप्पास तेवढेंच काम राहिलें."

मी म्हटलं, फोनवर नको, पत्र लिहा. त्यांनी मान डोलावली. पत्र टाकलं हे मला झेवियरकडून कळलं, कारण विमानाचं पाकीट आणायला त्यालाच पिटाळलं होतं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. फक्त टपालवाला जिना चढायला लागला की सेतूरावांचे हात कीबोर्डवर थांबायचे. घरी दिवसभर कोणी नसायचं, म्हणून पत्ता ऑफिसचा दिला होता.

काम संपलं. दोन आठवडे उशिरा, पण पुण्याने स्वीकारलं. माझं जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी टेबल आवरत होतो, तेवढ्यात सेतूराव एक उघडलेलं पाकीट घेऊन माझ्यापाशी आले.

"पाहा," म्हणाले.

आत एकच कागद होता. त्यावर पेन्सिलीने एक टेबल काढलं होतं, जसं वरून दिसेल तसं. खिडकी डावीकडे, दिवा मागे, मॉनिटर, खुर्ची. प्रत्येकाच्या मधे बाण आणि इंचांतले आकडे. खाली इंग्रजीत दोन ओळी : अप्पा, संध्याकाळी डोळे फार चुरचुरतात. टेबल कुठल्या बाजूला फिरवू?

मी कागद परत दिला. सेतूरावांनी तो टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला, खिशातून मोजपट्टी काढली आणि तिच्या बाणांच्या अंतरावर हवेतच धरून बघितली. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू होता.

"राव, तिकडचा इंच आणि आपला इंच एकच ना?"