बाकाखालचा जनरेटर

"बोटीतला तो जनरेटर काढून टाकू या," काटेसाहेब चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले.

"कशाला? राहू दे की," त्यांची बायको म्हणाली.

ती एवढंच म्हणाली, पण काटेसाहेब चमकले. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं कुठल्या यंत्राची बाजू घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मिक्सर जळला तेव्हा "झालं त्याचं आयुष्य" म्हणून ती मोकळी झाली होती. आणि या जनरेटरबद्दल तर ती बोट घेतल्या दिवसापासून कुरकुरत आली होती. आवाज फार, वास फार, बाकावर बसलं की खालून गरम लागतं. तीच आता म्हणत होती, राहू दे.

"अगं, पण उपयोग काय त्याचा? छतावर सोलर बसवल्यापासून दिवा, पंखा, फ्रिज सगळं त्याच्यावरच चालतं. हा आपला बाकाखाली जागा अडवून बसलाय. गिऱ्हाईकही आलंय, महिनाअखेरीला घेऊन जाईन म्हणतंय."

"अडीनडीला लागतो."

"कुठल्या अडीला?"

"अड काय सांगून येते?" असं म्हणून ती कप उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला. तिला हा जनरेटर मनापासून हवा होता एवढं काटेसाहेबांना कळलं. का हवा होता ते मात्र कळेना, आणि एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना जेवण जात नसे.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात तीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंचे काटे तपासले, म्हणून दुकानदारांनी ठेवलेलं ते नाव. निवृत्तीनंतर तराजू गेले, सवय राहिली. जिन्याच्या पायऱ्यांची उंची, दूध उतू जायला लागणारा वेळ, जावयाच्या फोनची लांबी, सगळं त्यांच्या वहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोनं व्हायोलिन शिकायला घेतलं, तेव्हा तिला मदत म्हणून त्यांनी सूर दाखवणारं एक छोटं यंत्र आणलं. त्यालाही काटा होता, त्यामुळे साहेब खूश होते. ती वाजवायला बसली की ते समोर यंत्र धरून बसत आणि "साडेतीन टक्के खाली" असं प्रेमानं सांगत. आठ दिवसांत व्हायोलिनची पेटी कपाटावर गेली ती आजतागायत तिथंच होती. वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'हिचा छंद: आठ दिवस.'

तर जनरेटरचाही निकाल वहीनंच लागणार हे उघड होतं. त्याला चाललेले तास दाखवणारा एक मीटर होता. पुढच्या रविवारी दोघं बोटीवर गेल्यावर साहेबांनी बाकाचं झाकण उचलून आकडा टिपला, सहाशे चाळीस.

"महिनाभर बघू. आपल्या वापराचे पाच तास भरले, तर राहील. नाही भरले, तर जाईल."

"पाचच का?"

"कुठंतरी रेघ मारावी लागते."

"मारा," ती म्हणाली. तिच्या आवाजात अजिबात काळजी नव्हती. हीदेखील वहीत लिहिण्यासारखी गोष्ट होती, पण साहेबांच्या ते लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी आकडा होता सहाशे त्रेचाळीस. काटेसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आठवडाभरात बोटीवर कुणी फिरकलेलं नव्हतं. त्यांनी बाकाबाहेरच्या डिझेलच्या टाकीत पट्टी बुडवली, तर डिझेल गेल्या खेपेच्याच खुणेवर. म्हणजे यंत्र तीन तास चाललं आणि थेंबभर प्यायलं नाही.

"मीटर बिघडलाय," ते म्हणाले.

"असेल," बायको खिडकीची काच पुसत म्हणाली. "किंवा आपोआप चालत असेल बिचारा. घालवणार म्हणून कळलं असेल त्याला."

ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून जाड दोरा आणि शिशाची गोळी काढली. तीस वर्षं खोट्या तराजूंना त्यांनी हेच सील ठोकलं होतं. बाकाच्या झाकणाला दोन भोकं होती, त्यातून दोरा ओवून साहेबांनी पकडीनं शिसं दाबलं आणि समाधानानं हात झटकले. आता झाकण उघडायचं तर दोरा तोडावा लागणार होता.

त्यापुढच्या रविवारी सील शाबूत होतं. दोऱ्याचा एक धागाही हललेला नव्हता. साहेबांनी स्वतः ते कापून झाकण उचललं. मीटरवर सहाशे सेहेचाळीस.

काटेसाहेब आकडा वहीत टिपून बाकाच्या काठावर टेकले. सील शाबूत असताना आतलं माप बदललेलं त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण वहीवर होता, आणि वही तर सांगत होती की सहा तास झाले. "पण हे तास आपल्या वापराचे नाहीत. धरता येणार नाहीत," असं ते बायकोला म्हणाले, तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

सोमवारी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची यंत्रं तोच बघायचा. त्यानं बाकाखाली डोकं घातलं, तेलाची कांडी काढून फडक्यावर पुसली आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"तेल नवंकोरं आहे साहेब. फिल्टर धुतलेला. कुणीतरी जीव लावून सांभाळतंय याला. तुम्ही कधी असं सांभाळलं नव्हतं."

"ते राहू दे. कोण चालवतं?"

"आता ते मी कसं सांगू? मी यंत्रं बघतो, माणसं नाही."

"पण झाकणाला सील होतं. सील न तोडता कुणी चालवलाच कसा?"

मिस्त्रीनं झाकणाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि हसू मिशीत दाबलं. "साहेब, तुम्ही झाकण बंद केलंत. चालू करायचं बटण तिकडं, सुकाणूच्या चाकाखाली आहे."

काटेसाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते बटण त्यांनी कधी दाबलेलं नव्हतं, एवढंच. जनरेटर चालवायचा म्हणजे साहेब वही घेऊन बाकापाशी उभे राहणार आणि तिकडून बायको बटण दाबणार, ही या घरची पद्धत होती. "दाब!" असं ओरडलं की यंत्र सुरू होतं, एवढाच त्यांचा अनुभव. चोरानं हे शोधून काढावं याचा त्यांना राग आला. बटणाची माहिती आणखी कुणाला आहे, हा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात आला नाही.

संशय साहजिकच शेजारच्या बोटीवर गेला. ती दातांच्या डॉक्टरांची होती. दवाखाना दुपारी बंद असला की ते झोपायला बोटीवर येत. साहेबांनी आडवळणानं विचारायचं ठरवलं होतं, पण आडवळण त्यांना जमत नसे.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या जनरेटरवरून वीज घेता का?"

"मी?" डॉक्टर पायरीवरच थबकले. "अहो, तुमच्या त्या जनरेटरमुळे माझी झोप उडालीय. दर बुधवारी आणि शुक्रवारी, तीन वाजता सुरू, साडेचारला बंद. मला वाटलं तुम्हीच चालवता. तक्रार लिहून ठेवलीय मी, उद्या धक्क्याच्या ऑफिसात देणार होतो."

"बुधवारी आणि शुक्रवारी? नक्की?"

"घड्याळ लावून घ्या. आणि त्याचा पट्टा बदला आधी. घसरतो. आत कुईं कुईं असा काहीतरी आवाज येतो, दाढा शिवशिवतात."

साहेबांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रीकडून नवा पट्टा बसवून घेतला. मिस्त्री म्हणाला, "जुना चांगला होता साहेब." पण त्यानं बसवला आणि निघून गेला. साहेबांनी झाकणाला नवं सील मारलं, निदान नव्या पट्ट्याला तरी कुणी हात लावू नये म्हणून. डॉक्टरांना त्यांनी तक्रार दोन दिवस थांबवायला सांगितली.

बुधवारी जेवण झाल्यावर बायको नेहमीसारखी शिवणाची लांबट पिशवी घेऊन बहिणीकडे गेली. बुधवार-शुक्रवार तिचा तोच नेम होता. "झोपा तुम्ही," ती जाताना म्हणाली. साहेब झोपले नाहीत. पावणेतीनला ते डॉक्टरांच्या बोटीवर होते. दारापाशी चपला काढून, एकीच्या कडेला दुसरीची कड जुळवून ते आत गेले आणि पडदा बोटभर सरकवून खिडकीशी बसले. डॉक्टर बाजूला उशी घेऊन बसले.

"पकडल्यावर काय करणार?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"आधी विचारणार की डिझेल कसं भरतो. पट्टीवर खूण जिथल्या तिथं असते. तसा हिशेबी माणूस आहे."

बरोबर तीनला जनरेटर धडधडला. डॉक्टरांच्या बोटीच्या खिडक्याही थरथरल्या. दोन मिनिटांनी त्या धडधडीतून एक बारीक आवाज वर आला, अडखळला, पुन्हा वर आला.

"ऐकलंत? हाच पट्टा," डॉक्टर म्हणाले. "बदलला नाहीत ना?"

काटेसाहेब उत्तर देणार होते, पण थांबले. पट्टा कोणतं तरी गाणं म्हणत होता. लग्न झाल्यावर पहिल्या घरात, कपडे वाळत घालताना बायको जे गुणगुणायची तेच. कित्येक वर्षांत त्यांनी ते ऐकलं नव्हतं आणि आपण ते ऐकलेलं नाही हेही आत्ताच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पडदा आणखी सरकवला.

समोरच्या बोटीत, बाकावर, त्यांच्या शिशाच्या सीलवरच बायको बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला, हनुवटीखाली व्हायोलिन, पायाशी शिवणाची रिकामी पिशवी. ती एक ओळ वाजवी, थांबे, मान हलवी आणि तीच ओळ पुन्हा वाजवी. कपाटावरच्या पेटीत गेली दोन वर्षं नेमकं काय होतं, हे साहेबांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. सूर दाखवणारं यंत्र तिथंच होतं, ते नेहमीच असे. त्यांनी ते खिडकीशी धरलं. काटा नुसता थरथर कापत होता, इकडेही जाईना, तिकडेही जाईना. जनरेटर चालू असताना त्याला काही मापताच येत नव्हतं. काटेसाहेब त्या काट्याकडे पाहत राहिले. इतका आवाज, इतका वास, खालून लागणारं ते गरम, हे सगळं ती कशापासून वाचायला सोसत होती ते त्यांना त्या काट्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी यंत्र खिशात ठेवलं.

साडेचारपर्यंत ते हलले नाहीत. डॉक्टरही झोपले नाहीत. आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "तक्रार फाडून टाकतो मी. दवाखान्यात पेशंटचं कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून मीही रेडिओ लावतोच की. पण पट्टा अजून थोडा..."

"पट्ट्याला काही बोलायचं नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी वही उघडली आणि लिहायला बसले. बायको समोर भाजी निवडत होती.

"काय ठरलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"जनरेटर ठेवायचा. साडेसात तास झाले."

"पण ते आपल्या वापराचे नाहीत म्हणालात."

"चौकशी केली. घरगुतीच आहेत."

तिनं आणखी एक देठ मोडलं. "कोण चालवतं, ते कळलं?"

"नाही. पट्टा तेवढा घसरतो, असं डॉक्टर म्हणत होते."

"शेवटच्या ओळीला घसरतो," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांच्या दारात एवढ्या सरळ रेषेत चपला कुणी काढत नाही."

काटेसाहेबांनी वही मिटली. चहावर साय धरली होती, ती त्यांनी चमच्यानं बाजूला केली.

"किती टक्के खाली होतं?" तिनं विचारलं.

"मोजलं नाही."

आता तिनं मान वर केली. बत्तीस वर्षांत हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. ते खोटं बोलत नाहीत ना हे तिनं नीट पाहून घेतलं आणि भाजीचं ताट बाजूला सारलं.

"मग आता घरीच वाजवत जाऊ का? उगाच तिकडं डिझेल जाळायचं, कॅन वाहायचे. काढून टाका तो जनरेटर, गिऱ्हाईक आहेच."

काटेसाहेबांनी खिशावरून हात फिरवला आणि प्रामाणिकपणे विचार केला. त्याला थोडा वेळ लागला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तो. घरी मी मोजीन."