जावईबापूंचा नजराणा आणि काचसमुद्राची धामधूम

श्री वरुण समर्थ. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिकमासीं काचसमुद्राचे राज्यांत जो प्रसंग गुदरला तो जैसा ऐकिला तैसा लिहितों. पदरचें थोडकेंच घातलें आहे. ऐसें कीं, दिवाणखान्यांत काचेचा समुद्र, आंत खारें पाणी, विजेचे बळें लाटा उठती, आणि त्यांत पोवळ्यांची बाग. राज्य वत्सलाबाईसाहेबांचें. यजमानांनी दिव्याची कळ दाबावी आणि वाहवा म्हणावें, इतकीच त्यांस मुखत्यारी. बाईसाहेबांनी नखाएवढीं जिवंत पोवळीं आणून पोटच्या लेकरांसारखीं वाढविलीं, आणि आंत मासा घेणें तर सोयरिकीहून कडक चौकशी करीत: वाढून केवढा होईल, खातो काय, शेजाऱ्यांशीं नांदतो कीं भांडतो. उत्तरें पटलीं तरी महिनाभर निराळ्या भांड्यांत वेशीबाहेर ठेवावा, रोगराई नाहीं ऐसी खातरजमा करावी, मग प्रवेश. येणेंप्रमाणें पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी आणि कोळंबीसंगें एका बिळांत बिऱ्हाड करणारा लहानगा मासा, इतकीच प्रजा, परंतु सुखी.

ऐशियांत कन्या ईश्वरीबाईंचा पहिला दिवाळसण आला, आणि जावई धैर्यशीलराव पाडव्यास दाखल जाहले, तों हातांत पाण्याची पिशवी, आणि पिशवींत वीतभर मासा, निळ्या अंगावर पिवळे पट्टे, रूप काय वर्णावें! वाटभर पिशवी हिंदकळूं न देतां आणिली होती. बाईसाहेबांनी पाहतांच ओळखिलें कीं हा पोवळीं कुरतडणारा. तोंड उघडणार, तों कन्या कानाशीं लागून बोलिली, “आई, नाही म्हणू नकोस गं. पहिलाच सण आहे, गिळून घे.” मग बाईसाहेब हंसल्या, आणि वेस नाहीं, चौकशी नाहीं, मासा थेट आंत सोडिला.

मग काय पुसावें! माशानें बागेंत चराई मांडिली, आणि फुललेलीं पोवळीं अंग चोरून मिटलीं, आणि बाईसाहेबांनी पहाटेस उठून तुकडे गुपचूप वेंचावे, आणि जावयांपुढें “फार शोभतो हो” म्हणावें. जीव तिळतिळ तुटत होता. परंतु तुकडे वेंचतां वेंचतां निराळाच विचार मनांत आला, कीं गिळून घे हें पोरीस इतकें सहज कैसें सुचलें? आपण तर शिकविलें नाहीं. कीं आपणच शिकविलें? त्या विचारें त्यांस अन्न गोड लागेना.

कूच करण्याचे दिवशीं बाईसाहेब जावयांसमोर येऊन बोलिल्या, “धैर्यशीलराव, तुमची भेट डोक्यावर. पण हा मासा माझी बाग खातोय. त्याला इथे ठेवता येणार नाही.” कन्येचा चेहरा पांढरा पडला. जावईबापू लाल जाहले, आणि बागेकडे बहुत वेळ पाहून बोलिले, “आई, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“जावयाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.”

“म्हणजे मी हौसेनं आणला, आणि तुमचं नुकसान मीच केलं, आणि मलाच पत्ता नाही,” ऐसें म्हणून त्यांनी बाह्या सारिल्या. मासा चपळ, खडकाआड दडे, सबब सारी बाग उपसावी लागली, आणि सासूजावई कोंपरापर्यंत खाऱ्या पाण्यांत, आणि यजमान टॉवेल धरून उभे. मासा पिशवींत आला तेव्हां जावईबापू ओल्या हातांनींच कुटुंबाकडे वळून बोलिले, “ईश्वरी, तूही असं काही गिळून बसली आहेस का?”

कन्येनें मातुश्रींकडे पाहिलें. मातुश्रींनी मान खालीं घालून खडक पुसण्याचें मिष केलें, परंतु कान तिकडेच.

मग कन्या हळूच बोलिली, “मला परत नोकरी करायची आहे. लग्नापासून म्हणेन म्हणतेय.”

तात्पर्य, निम्मी बाग गेली, मासा विकणाऱ्याचे घरीं परतला, आणि त्या दिवशींचें कूच रहित जाहलें, कारण बोलणें दिवेलागणीपर्यंत संपलें नाहीं. लेखनसीमा.