मँचेस्टरच्या सापाचं पोट

सिंगापुरातल्या यिशुन भागात, आमच्या ब्लॉकमधल्या लिफ्टमध्ये दामलेकाका पहिल्यांदा दिसले, तेव्हा ते फोनवर काळजीने विचारत होते, "आज तरी झाली का त्याला?" आठवडाभर झाली नव्हती, हे पुढच्या बोलण्यावरून कळलं. परमुलखात कोणी मराठीत पोटाबद्दल बोलायला लागलं की मला गप्प बसवत नाही. नातू असणार, असं गृहीत धरून मी म्हणालो, "काका, बेंबीला हिंग लावायला सांगा."

काकांनी फोनवर हात ठेवला. "सापाची बेंबी कुठे शोधू?" एवढं विचारून ते आपल्या मजल्यावर उतरून गेले.

साप त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा, मँचेस्टरमध्ये. सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी, म्हणून काका तो फोनवरून पाळत. अख्खी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झालेली, त्यामुळे साप म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबलचक पाइप. "इनटेक अडलंय की एक्झॉस्ट, ते आधी बघ," हे ठरलेलं वाक्य. रोज संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे दुपारी मुक्ताच्या जेवणाच्या सुट्टीत, चौकशी सुरू. फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात नीट सुटला का? खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचललं नाहीस ना? उचललं की ओकतो. हा नियम त्यांनी मलाही लावला. रविवारी त्यांच्याकडे पुऱ्या झाल्या, की सोफ्यावरून हलायची परवानगी नसे.

मग सापाने खाणंच सोडलं. दीड महिना उलटला. मुक्ता कंटाळून म्हणाली, देऊन टाकते कोणाला तरी. काकांची झोप उडाली. त्यांनी तिला थर्मामीटर सापाच्या पेटीत वर धरायला लावला, मग खाली. ऊब सगळी वर, आणि साप बसायचा तळाशी, गारठ्यात. "बॉयलर थंड, मग इंधन घेणार कसा?" काका म्हणाले. हीटरची जागा बदलली. आठवड्याभरात सापाने उंदीर गिळला आणि यथावकाश एक्झॉस्टही मोकळा झाला.

मी लिटिल इंडियातून पेढे घेऊन अभिनंदनाला गेलो. "सुटलात, काका. रोजच्या फोनची कटकट गेली."

माझं तोंड हे असं. काका पेढा हातात धरून बसून राहिले.

"ती लहान होती तेव्हा मी वर्षातले नऊ महिने समुद्रावर," ते म्हणाले. "तिची आई होती तोवर तीच मला दोघींचं सांगायची. आता आमच्यात बोलायला हा साप तेवढा आहे. तो नीट खायला लागला. रोज काय विचारू?"

सात वाजून गेले. काकांनी फोन लावला नाही. सव्वासातला तो आपणहून वाजला.

"ओकला का परत?" काकांनी धसकून विचारलं. पलीकडचं ऐकलं, फोन छातीशी दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यावरही हा माणूस इतका गोंधळला नसेल.

"सहज केला म्हणते," ते कुजबुजले. "आता काय बोलायचं?"