हौसाक्काचा गोळा आणि घोरपडबाईंची बँक

एका जंगलात, बाळांनो, शेण फुकट मिळायचं. हसू नका. गवा सकाळी ओढ्यावर यायचा, मोकळा व्हायचा, निघून जायचा. तेवढ्यावर शेणकिड्यांच्या पिढ्या जगल्या. कुणाच्या दारात हात पसरावा लागला नाही.

त्यातली एक हौसाक्का. रंगाने काळीभोर, जिभेने तिखट. उन्हातान्हात राबून तिने एक गोळा वळला होता. जमिनीला ओल आली की तो पुरायचा आणि त्यात अंडी घालायची. अळ्या आतल्या आत खातात आणि मोठ्या होतात. गोळा नाही तर पोरं नाहीत.

आता शेणकिडे गोळा ढकलतात कसा, ठाऊक आहे? डोकं खाली, मागचे पाय वर, आणि चालायचं उलटं. गोळा कुठे चाललाय ते ढकलणाऱ्याला दिसत नाही. हौसाक्का अशीच निघाली आणि गोळा थेट वडाच्या ढोलीत शिरला. तिथे नवीनच बँक उघडली होती.

"या, या!" मॅनेजर घोरपडबाई म्हणाल्या. "गोळा ठेवायला आलात ना?"

"नाही हो, वाट चुकले."

"आमचे सगळे ग्राहक असेच येतात. ठेवा. ओल येईपर्यंत वाढेल."

"शेण वाढतं?"

"बँकेत वाढतं."

एवढ्या ठामपणे कुणी बोललं की शहाण्यांचीही मती गुंग होते. हौसाक्काने गोळा ठेवला. घोरपडबाईंनी तिच्या सहाही पायांचे ठसे घेतले.

थोड्याच दिवसांत बँकेचा कावळा आला. "हौसाक्का, तुमचा गोळा बोराएवढा आहे. नियमाने आवळ्याएवढा पाहिजे. कमी पडला म्हणून दंड कापलाय."

"कशातून कापला?"

"गोळ्यातूनच."

"अरे मेल्या, मग तो आणखी लहान झाला की!"

"म्हणून आणखी दंड बसलाय. आणि हे सांगायला मी आलो, त्याची चिमूट वेगळी."

बोराचा वाटाणा झाला, वाटाण्याची मोहरी झाली. मग मोहरीही गेली. कावळा म्हणाला, "आता तुम्हीच बँकेचं देणं लागता."

तोवर जमिनीला ओल आली. हौसाक्काचं पोट अंड्यांनी जड झालं. ती तणतणत ढोलीत गेली.

"माझं खातं बंद करा."

"आनंदाने," घोरपडबाई म्हणाल्या. "पण खातं बंद करायचा आकार लागतो. तो कापायला खात्यात काहीतरी हवं."

"बरं, राहू दे तुमचं खातं. मी ओढ्यावरून नवं शेण आणते."

"ते आता बँकेने गव्याकडून लिहून घेतलंय. पण जीव कशाला जाळता? कर्ज घ्या! आम्ही तुम्हाला गोळा देतो. दंड लागू नये म्हणून तो तुमच्या खात्यातच ठेवतो. तुम्ही फक्त हप्त्याचे गोळे आणून द्यायचे."

"म्हणजे कर्जाचा गोळा तुमच्याकडे, हप्त्याचे गोळे तुमच्याकडे. आणि माझ्याकडे काय?"

"पासबुक."

हौसाक्काच्या जिभेवर जे आलं ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. पण ती थांबली. घोरपडबाईंच्या मागे छतापर्यंत गोळ्यांचा ढीग होता. ज्याच्या त्याच्या ठेवीतून कापलेला दंड, पुन्हा गोल वळून रचलेला.

हौसाक्काने आवाजात साखर घातली. "मॅडम, मी आपली अडाणी बाई. कर्जाचा गोळा घेण्याआधी जरा हाताळून बघू का?"

"बघा ना, सावकाश बघा. मी तोवर जेवून येते."

बँकेत जेवणाची सुट्टी असते, बाळांनो, आणि ती लांबते. घोरपडबाई ढेकर देत परत आल्या, तेव्हा हौसाक्का दाराशी उभी होती. पोटाने हलकी.

"गोळे छान आहेत हो," ती म्हणाली. "पण कर्ज नको. झेपायचं नाही."

घरी जाताना तिने अवघडलेल्या सगळ्या शेजारणींना बँकेच्या जेवणाची वेळ सांगून ठेवली. त्या वर्षी कर्जाची चौकशी करायला बाया फार आल्या. घोरपडबाई खूश होत्या.

मग एका दुपारी ढिगातून कुरकुर ऐकू आली. गोळ्यागोळ्याला भोक पडलं, आणि चकचकीत काळी पोरं रांगेने बाहेर पडून समोरच्या दारातून निघून गेली. घोरपडबाईंनी एका गोळ्याला हात लावला. हात आरपार. दुसरा गोळा, तोही पोकळ.

त्या बोंबलल्या का? छे! बोंबललं तर सगळे आपापली ठेव मागायला येतील. त्यांनी भोकांवर माती लिंपली आणि दारावर पाटी लावली : "आमची बँक पूर्वीपेक्षा भक्कम."

सिंहाचा तपासनीस आला. त्याने लांबूनच ढीग बघितला, मान डोलावली आणि घोरपडबाईंना बढती दिली. तिकडे हौसाक्काचं सगळ्यात धाकटं पोर ओढ्याकाठी बँकेच्याच शेणावर पोट भरून आडवं झालं होतं.

तात्पर्य : गरिबाने बँकेत काही ठेवू नये असं कुणी शिकवलं तर ऐकू नका. जरूर ठेवावं. फक्त कमाई ठेवू नये, पोरं ठेवावीत. बँकेला आतून खाणारे साहेबलोक पुष्कळ असतात आणि त्यांना वर पगारही मिळतो. त्या पंगतीला चार पोरं आपली बसली, तर बिघडलं कुठं?