डावा कोपरा

आमचे घरमालक हिराजी तात्या माणसाचं तोंड बघायच्या आधी पाय बघतात. घणसोली गावात त्यांची वरची खोली भाड्याने बघायला मी गेले, तेव्हा दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ माझ्या चपला न्याहाळल्या. मी परत फिरणार होते, तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला, "अवो, पोरगी खोली बघायला आलीय, चढाईला नाय!"

तरुणपणी तात्या गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. त्यांनी धरलेला घोटा सुटायचा नाही, असं गावातले जुने लोक अजून सांगतात. "तोंड फसवतं, पाय नाय," हे तात्यांचं ब्रीद. आज पंच्याहत्तरीतही लिफ्ट असो की लग्नातला फोटो, ते डावा कोपराच पकडतात. एकदा आमचा कुरिअरवाला घाईत जिना उतरत होता. तात्यांनी वाकून त्याचा घोटा धरला. पार्सल वाचलं, पण तो आठ दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही.

पिशवी, छत्री, चहाचा कप, सगळं त्यांच्या डाव्या हातात असतं. उजवा रिकामा. चालताना त्याची बोटं अर्धवट मिटलेली असतात, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मी फार विचारत नाही कुणाला काही. तरी एकदा विचारलं, "तात्या, उजवा हात दुखतो का?"

"दुखत नाय गो. तो जनाचा हाय."

जना म्हणजे जनार्दन, साखळीत त्यांच्या शेजारी खेळणारा. तात्यांच्या उजव्या हातात जनाचा डावा हात. बोलायचं नाही, फक्त दाबायचं. एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर झेप. शेवटच्या सामन्यात जनाने एकदाच दाबलं. तात्यांनी हात सोडून झेप घेतली. चढाईला आलेला गडी त्यांना चुकवून थेट जनाच्या गुडघ्यावर कोसळला. जनाचा खेळ संपला. त्या दिवसापासून तो तात्यांशी बोलला नाही. पुढे मुलाकडे खारघरला राहायला गेला.

"तीनदा जाऊन आलो," तात्या एका रविवारी जिन्यात म्हणाले. "गेटवरचा वॉचमन वर फोन लावतो. जना नको बोलला तर? फोन लागायच्या आधीच मी मागं फिरतो."

"मग मी काय करू?"

"तू बोल गेटवर. तुझं इंग्लिश ऐकलं की कोन अडवत नाय."

अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. तरी गेले. इंग्लिश राहिलंच, तात्यांचं नाव मी इतकं हळू सांगितलं की वॉचमनने तीनदा विचारलं. त्याने फोन लावला. तात्या त्याच्या बुटांकडे बघत उभे. पळू नयेत म्हणून मी त्यांची पिशवी धरून ठेवली होती.

"जाओ. बारावा माळा."

जनाकाका टीव्ही बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. तात्या सोफ्यावर त्यांच्या डाव्या बाजूला बसले. सूनबाईंनी आणलेला चहा डाव्या हाताने संपवला. मग म्हणाले, "जना, तू थांब सांगितलेलंस. मी ऐकला नाय."

टीव्ही चालूच. तात्या उठायला लागले.

जनाकाकांनी टीव्हीवरची नजर न काढता तात्यांचा उजवा हात धरला आणि एकदा दाबला.

तात्या खाली बसले. मी दोघांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, पायांकडे बघत राहिले. कुणाचेच हलले नाहीत.